सूर्याच्या ध्रुवावर जेमतेम

"तुमचं यंत्र बहिरं झालंय, फ्राउ डेटलेफ्सन," प्रोफेसर ब्रोडरसन भर बैठकीत म्हणाले.

वीबकेनं कॉफीचा मग असा आपटला की कागदांवर डाग पडले.

जर्मनीत बाल्टिक किनाऱ्यावरच्या आमच्या संस्थेत वीबके डेटलेफ्सन आणि मी एका खोलीत बसायचो. सूर्याच्या ध्रुवावरून जाणाऱ्या यानावर वैश्विक किरण मोजायचं यंत्र होतं, ते तिनं घडवलेलं. आमचे प्रमुख ब्रोडरसन आयुष्यभर सांगत आले होते, की सूर्यमालेबाहेरून येणाऱ्या या किरणांना सूर्याच्या विषुववृत्तापाशी अडथळे फार, पण ध्रुवावर दार सताड उघडं. तिथं ते कैक पटींनी जास्त सापडतील. यान दक्षिण ध्रुवावर पोचलं. किरण वाढले, पण जेमतेम.

"आकडे दुरुस्त करून घ्या," प्रोफेसर म्हणाले.

"दुरुस्त? तुम्हाला हवे तेवढे फुगवायचे, असंच ना?"

"जपून बोला. तुमचा करार वसंतात संपतोय."

त्याच यानावर अमेरिकेतल्या एका गटाचं वेगळं यंत्र होतं. वीबकेनं त्यांना फोन लावला. त्यांनाही जेमतेमच वाढ दिसली होती. ती तडक प्रोफेसरांकडे गेली.

"मग त्यांचंही बिघडलं असेल," ते म्हणाले.

"दोन बहिरे एकाच वेळी एकच चुकीचं ऐकतात होय?"

प्रोफेसरांनी आकडे फुगवलेच. तिनं त्या शोधनिबंधावरून स्वतःचं नाव काढायला लावलं. फुगवलेल्या आकड्यांचा निबंध तिच्या नावाशिवाय छापून आला. करार वाढला नाही. ती ब्रेमेनला निघून गेली.

पुढं यान उत्तर ध्रुवावरूनही गेलं. तिथंही तेच. जगभर हसं व्हायला लागलं, तसा ब्रोडरसनांनी निबंध मागे घ्यायचं ठरवलं. खुलाशाचा मसुदा माझ्या टेबलावर आला. कारण दिलं होतं: 'यंत्रातील दोष.'

मी वीबकेला फोनवर वाचून दाखवलं. "टेल्से, पुन्हा वाच," ती म्हणाली. मी वाचलं. फोन आपटल्याचा आवाज आला.

दुसऱ्या दिवशी बैठक चालू असतानाच ती आत शिरली, कोटसुद्धा न काढता.

"ते वाक्य खोडा."

"बसा, फ्राउ डेटलेफ्सन."

"बसायला आलेले नाही. यंत्र ठणठणीत होतं, अजून आहे. खोटं तुम्ही लिहिलंत, आणि आता बोलता न येणाऱ्या लोखंडावर ढकलताय?"

माझंही डोकं तापलं होतं. मी उठले. "ती खरं बोलतेय. खुलासा असाच गेला, तर मी अमेरिकन आकडे जोडून वेगळं पत्र पाठवीन." मागून आणखी दोन खुर्च्या सरकल्या.

ब्रोडरसनांचा चेहरा लालभडक झाला. त्यांनी पेन उचललं आणि 'यंत्रातील दोष' खोडून 'विश्लेषणातील चूक' असं लिहिलं.

बाहेर धक्क्यावर आम्ही हेरिंग मासा घातलेले पाव घेतले. मला वाटलं, आता तरी ती हसेल.

"कोणाची चूक, ते नाहीच लिहिलं हरामखोरानं," ती म्हणाली आणि पावाचा असा लचका तोडला की सीगलसुद्धा दोन पावलं मागं सरला.