दोन हळू, एक जोरात

आमच्या घरातली कोंदट हवा बाहेर टाकून ताजी आत घेणारं मशीन सत्तावीस वर्षांचं झालं होतं, आणि त्यातली एकोणीस वर्षं ते निव्वळ मार खाऊन चाललं होतं. बाथरूमवरच्या माळ्यावर घरघरत असायचं आणि दर दोन तासांनी मान टाकायचं. मग काका, म्हणजे माझ्या नवऱ्याचे बिनलग्नाचे चुलते, स्टुलावर चढून त्याला लाटणं हाणायचे. दोन हळू, एक जोरात. लगेच सुरू! या ड्यूटीपायी काका ना कुठे गावाला गेले, ना कुणाच्या लग्नाला. स्वयंपाकाला मला माझंच लाटणं त्यांच्याकडून मागून आणावं लागायचं.

शेवटी मीच हट्ट धरला, की नवं आणायचं.

मेकॅनिक आला. काकांनी शिडी धरली. नवं मशीन पांढरंशुभ्र आणि चक्क बोलणारं होतं.

"याला मारायचं कुठे?" काकांनी विचारलं.

"मारायचं? आजोबा, बोटसुद्धा लावू नका, वॉरंटी जाईल. हे श्वासावरून माणसं मोजतं. घरात माणसं किती?"

काकांनी खालून काहीतरी सांगितलं, त्याने फॉर्म भरला. मी स्वयंपाकघरात होते.

त्या संध्याकाळी आम्ही जेवायला बसलो आणि वर मशीनचा लाल दिवा लागला. "घरात एक पाहुणा आहे," मशीन गोड आवाजात म्हणालं. "पाहुणा गेल्यावर हवा सुधारेल."

सासूबाईंनी टेबलाखाली वाकून पाहिलं. लेकीने कपाट उघडलं.

"आधुनिक आहे, त्याला आपल्यापेक्षा जास्त कळत असणार," नवरा म्हणाला. अतिशहाणा तो. एकेकाने बाहेर जाऊन बघायचं, असं त्याने ठरवलं. पहिले काका गेले. दिवा हिरवा झाला. चाचणी तिथेच संपली. कुणीही बाहेर गेलं असतं तरी तो हिरवाच झाला असता, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून काका जिन्याच्या पायरीवर बसू लागले.

"भाऊजी, आत या," सासूबाई म्हणायच्या.

"नको वहिनी, हवा बिघडते."

सांगायला लाज वाटते, पण तीन दिवस मीसुद्धा त्यांचं ताट निमूटपणे पायरीवर नेऊन दिलं. चौथ्या दिवशी ते खोकायला लागले, तोंडावर रुमाल धरून, आत ऐकू जाऊ नये म्हणून. तेव्हा माझं डोकं फिरलं. मेकॅनिकला फोन करून मी त्याची अशी खरडपट्टी काढली की तो तासाभरात हजर.

"ताई, मशीन बरोबर आहे," फॉर्म पुढे करत तो म्हणाला. "माणसं चार लिहिलीत. यांनीच सांगितलं."

मी काकांकडे पाहिलं. "चार कशी हो? मोजा बरं."

"तू, हा, पोर, वहिनी," काका बोटं दुमडत म्हणाले. मग थांबले. "मी कशाला त्यात? मी मशीनकडे होतो."

मला एकदम रडू आलं. घरात एकोणीस वर्षं हवा ज्यांच्यामुळे होती, त्यांना आम्ही माणसांत धरलंच नव्हतं.

"पाच करा," मी म्हणाले.

"आकडा बदलायला कंपनीकडे अर्ज करावा लागतो. पाचवा माणूस खरंच राहतो याचा पुरावा जोडून. सहा आठवडे लागतील."

मी स्वयंपाकघरात गेले, लाटणं आणलं आणि काकांच्या हातात दिलं. "चढा स्टुलावर."

"अगं, वॉरंटी..."

"खड्ड्यात गेली."

मेकॅनिकने डोळे मिटून घेतले. दोन हळू, एक जोरात. मशीन गप्प झालं, लाल, हिरवं, पुन्हा लाल झालं आणि खरखरत म्हणालं, "घरात माणसे पाच."

तेव्हापासून ते दर दोन तासांनी बंद पडतं. मेकॅनिकला कुणीही फोन केलेला नाही, आणि मी दुसरं लाटणं आणलंय.