वकीलबाईंचा तांबडा कोट

वकीलबाई अंगात तोच काळा कोट घालून काकाच्या स्टुडिओत आल्या आणि त्यांनी फोटो टेबलावर आपटला. फोटोत कोट चक्क तांबडा होता.

"मी वकील आहे, बँडवाली नाही!"

काकाने लगेच माझ्याकडे बोट दाखवलं. "ही पोरगी सेटिंगशी खेळते. आजपासून कॅमेऱ्याला हात लावायचा नाही!"

अख्ख्या वर्गात खरा कॅमेरा हाताळणारी मी एकटी, आणि तो असा सोडू? मुळीच नाही!

"काका, रविवारी तू कॅमेरा उघडून साफ केलास. तेव्हा एक निळसर काच उरली ना?"

"जास्तीची होती ती."

"कॅमेऱ्यात जास्तीचं काही नसतं! आतल्या सेन्सरच्या प्रत्येक ठिपक्यावर लाल, हिरवी किंवा निळी चाळणी असते. कुठल्या चाळणीतून किती उजेड आला, यावरून रंग ठरतो. तुझ्या या मोठ्या बल्बमधून डोळ्यांना न दिसणारा उजेडही येतो, आणि कोटाचं कापड तो परत फेकतं. ती काच त्याला अडवायची. आता तो लाल चाळणीतून जास्त घुसतो."

"फार अक्कल पाजळू नकोस!"

मी मोठा बल्ब लावला, कॅमेरा वकीलबाईंकडे वळवला आणि ड्रॉवरमधली ती काच काढून भिंगासमोर धरली. कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर तांबडा दिसणारा कोट काळाकुट्ट झाला. वकीलबाई काकाकडे रोखून बघत राहिल्या.

काका दातओठ खात म्हणाला, "उद्या ये. पण तोंड घरी ठेवून ये."

"तोंडासकट येईन," मी म्हणाले, "नाहीतर तुझा कॅमेरा तुलाच लखलाभ!"