उसवलेली चांदणी

“लाल तुकडा तेवढा उसवून द्या, रोदांथीबाई. उद्या सकाळी हवाय.” पांतेलिस कारकुनाने निशाण आईच्या मशीनवर टाकले. “उद्यापासून आपलं बेट ग्रीसमध्ये! नवं निशाण पिरेअसहून निघालंय, पण बोट कुठं अडकलीय देव जाणे. ती लाल चिंधी फेकून द्या.”

“चिंधी जिची, ती इथंच बसलीय. तिलाच विचारा,” आई म्हणाली. पांतेलिसने पाय काढता घेतला.

पंधरा वर्षे आमच्या क्रीट बेटाचे स्वतःचे निशाण होते. निळ्यावर पांढरा क्रूस आणि कोपऱ्यातल्या लाल तुकड्यावर, तुर्की सुलतानाची आठवण म्हणून, एक चांदणी. आमच्या रेथिम्नो गावातले पहिले निशाण आईने शिवले. तेव्हा लाल कापड मिळेना, म्हणून शेजारच्या मुसलमान फातमेमावशीने लग्नातला परकर फाडून दिला होता. चांदणी आईच्या चादरीची. दर रविवारी ते वर चढले की दोघी गच्चीतून बघायच्या आणि टाके कुणाचे सरळ यावर भांडायच्या. काय दिवस होते ते!

मावशी उंबऱ्यावर रानभाजी निवडत होती. “उसव की गं, थांबलीस का? तो परकर आता मला कुठला व्हायला!”

मग हातातली भाजी खाली ठेवून ती म्हणाली, “तुम्ही ग्रीसमध्ये चाललात. मी कुठं जाऊ गं?”

“कुठं म्हणजे? इथंच. माझ्या उंबऱ्यावर.”

आईला ते अगदी मनापासून वाटत होते.

लाल तुकडा निघाला तसा खालचा निळा रंग कोरा करकरीत दिसला. सकाळी पांतेलिसने कपाळावर हात मारला. “अहो, हा कोपरा गडद दिसतोय! सगळ्यांना कळेल!”

“उन्हाचं काम आहे ते. पंधरा वर्षं थांबा, जुळेल.”

बँड वाजला, निशाण चढले. गडद कोपरा साऱ्या गावाने पाहिला. आईने लाल तुकडा धुऊन, इस्त्री करून मावशीला दिला. मावशीने चांदणी उसवून परत केली. “चादर तुझी, परकर माझा.”

दहा वर्षांनी हुकूम आला. मुसलमानांनी तुर्कस्तानात जायचे. मावशीला तुर्की भाषेत पाणीसुद्धा मागता येत नव्हते.

धक्क्यावर तिच्या हातात एकच बोचके होते, त्याच लाल कापडात बांधलेले. कापड विटले होते, पण मधोमध चांदणीएवढी जागा नव्यासारखी लाल होती.

“तुझा उंबरा खोटारडा निघाला गं, रोदांथी.”

आईने खिशातून पांढरी चांदणी काढली आणि त्या डागावर ठेवली. टोकाला टोक बसले.

“आता टाके घालायला वेळ कुठाय?” मावशी म्हणाली. मग तिने चांदणी उचलून मुठीत घट्ट धरली आणि दुसऱ्या हाताने बोचके सावरत ती होडीत उतरली.