एका बाजूनं चावणारी

"वहिनी, हल्ली तू एकाच बाजूनं चावतेस. दाखव बाई कुणाला तरी," नणंद जेवता जेवता म्हणाली होती. वहिनीनं ते या कानानं ऐकलं, त्या कानानं सोडून दिलं. स्वतःच्या दाढेकडे बघायला फुरसत होती कुणाला? तिचा सगळा जीव सहा वर्षांच्या लेकीच्या दातांत अडकला होता.

कुठं काही वाचलं की ते लेकीच्या ताटात. कॅल्शियमसाठी दूध, दही, भाजलेले तीळ. हिरड्यांसाठी संत्रं. ड जीवनसत्त्वासाठी सकाळी गॅलरीत लेकीची खुर्ची. ऊन सरकलं की खुर्चीही सरकायची. आई मात्र सावलीत उभी राहून गोडमिट्ट चहावर न्याहरी उरकायची.

आणि एके दिवशी गाजर चावताना लेक ओरडली, "आई, माझा दात हलतोय!"

आईनं धावत येऊन तिचं तोंड उघडून पाहिलं. "एवढं सगळं घालून दात हलतो म्हणजे काय!"

"अगं, वयच आहे तिचं," नणंद हसली. पण ही कसली ऐकतेय? लेकीला घेऊन तिनं दातांच्या डॉक्टरीणबाईंचा दवाखाना गाठला आणि लेक काय काय खाते ते पाढ्यासारखं घडाघडा म्हणून दाखवलं.

बाईंनी आरसा फिरवला. "दात कसे मोत्यांसारखे आहेत! हा दुधाचा दात, पडायलाच आलाय. खालून नवा डोकावतोय बघा."

आईच्या जिवात जीव आला. तेवढ्यात लेक म्हणाली, "आता आईचे बघा. ती इकडूनच खाते."

"गप गं!"

"या, बसा," बाईंनी खुर्ची दाखवली. दाढ किडलेली, हिरड्या सुजलेल्या. "दूध, तीळ, ऊन... यातलं तुमच्या वाट्याला काय येतं?"

"चहातलं दूध," ती पुटपुटली.

बाई खळखळून हसल्या. "दाढ मी भरते. किडलेली दाढ काही दुधानं भरून यायची नाही. पण बाकीच्या दातांनी काय घोडं मारलंय? त्यांनाही घाला की खायला!"

आता गॅलरीत दोन खुर्च्या सरकतात. परवा तिथंच संत्र्याच्या फोडीत लेकीचा दात निघाला. लेक तो हातावर घेऊन घरभर नाचली.

"लेकीला खिडकी पडली, आईची बुजली!" नणंद म्हणाली. आई तोंड भरून हसली आणि तिळाचा बकाणा भरून चावू लागली. दोन्ही बाजूंनी.

तुमच्याही घरात सगळ्यांना वाढून शेवटी जेवणारी कुणी असेल. आज तिच्यासमोर बसा आणि ती कोणत्या बाजूनं चावते, तेवढं बघा.