विचियनच्या ट्रकमधली उशी

मी उशी बोलतेय. थायलंडमधल्या खोन केनच्या लामदुआनने मला शेवरीच्या कापसाने ठासून भरलं आणि नवऱ्याच्या, विचियनच्या ट्रकमध्ये ठेवलं. तो साबुकंद भरून बंदरावर न्यायचा. वाटेत घटकाभर डोकं टेकत जा, असं तिने बजावलं. तो हो म्हणाला, नवरे म्हणतात तसं.

तीन वर्षांत माझ्यावर एक सुरकुती पडली नाही. इतकी सुखात राहिलेली उशी मी तरी दुसरी पाहिली नाही.

ट्रकच्या मालकाला तीन दिवसांत दोन खेपा हव्या असत. त्या कशा होतात, हे मात्र त्याला ऐकायचं नसे. उत्तर पेट्रोल पंपामागच्या चहावालीकडे होतं: झोप उडवणाऱ्या लालसर गोळ्या. पूर्वी लोक त्यांना 'घोड्याचं औषध' म्हणत. सरकारला फार काळजी वाटली, म्हणून त्याने नाव बदलून 'वेडाचं औषध' ठेवलं. गोळ्या त्याच राहिल्या. पोलिसांची तपासणी वाढली, तेव्हा विचियनने माझी शिवण उसवून त्या माझ्या पोटात दडवल्या. चला, एकदाची मी कामाला आले.

एकदा लामदुआन बहिणीकडे जायला त्याच्यासोबत निघाली. भर दुपारी, मोकळ्या रस्त्यावर त्याने करकचून ब्रेक मारला. ट्रक फरफटत कालव्याच्या काठावर थांबला.

"म्हातारी आडवी आली," तो म्हणाला.

रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. लामदुआनचं कपाळ फुटलं होतं. रक्त टिपायला तिने मला ओढलं, तर हाताला खडे लागले. तिने शिवण टराटरा फाडली, गोळ्या कालव्यात भिरकावल्या आणि ट्रकची किल्ली काढून घेतली.

"उशीर झाला तर मालक काढून टाकेल."

"तुम्ही मेलात तरी तो दुसरा ठेवेलच. झोपा."

तो झोपला, थेट दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत. माझ्यावर नाही, तिच्या मांडीवर.

मालकाने त्याला खरंच काढलं. आता तो गावी भात लावतो आणि ढाराढूर घोरतो, असं चहावाली हळहळत सांगत होती. चांगलं गिऱ्हाईक गेलं तिचं.

मी मात्र ट्रकमध्येच राहिले. नवा ड्रायव्हर बुनलर्ट पन्नाशीचा आहे. पहिल्याच दिवशी त्याने मालकाला विचारलं, झोपायला वेळ मिळतो ना?

"उशी दिलीय की," मालक म्हणाला.

तेव्हा मंडळी, तुमचा माल वेळेवर पोचतोय, चिंता नसावी. फक्त रस्ता ओलांडताना जरा जपून. समोरून येणारा परवापासून जागा आहे.