खडूची फुली आणि बर्निसचा हातोडा

मित्रांनो, मला पाहून तुम्ही नाक मुरडाल, म्हणून आधीच सांगते. मी मालगाडीची कोळसा वाहणारी एक जुनी वाघीण, म्हणजे उघडा डबा आहे. अंगाने तांबूस दिसत असले, तरी आतून ठणठणीत आहे!

१९३६ साली पेनसिल्व्हेनियात माझं पोलाद ओतलं, तेव्हा त्यात चिमूटभर तांबं घातलं होतं. साध्या पोलादाला गंज पोखरत जातो. माझ्या अंगावर मात्र गंजाची घट्ट साय धरते आणि तीच मला राखते. ओल्या कोळशाचं आंबट पाणी पीत मी चाळीस वर्षं धावले. बरोबरच्या साध्या वाघिणींची चाळण झाली. खाणीवरची माणसं मला कौतुकाने थोपटायची.

पुढे मला रेल्वेच्या संग्रहालयात आणलं. तिथला ऑर्व्हिल हॉस्टेटर भारी उत्साही. दर वसंतात तो तारेच्या ब्रशाने मला खरवडून लखलखीत करायचा, आणि चार सरी पडल्या की मी पुन्हा तांबूस! चौथ्या वर्षी तो वैतागला. ही आता संपली म्हणाला, माझ्या कुशीवर खडूने फुली मारली आणि गॅसने कापणाऱ्याला बोलावलं.

कापणारा आला त्याच सकाळी बर्निस कोवालचिक सगळ्यांसाठी डबाभर पिरोगी, म्हणजे बटाटा भरलेल्या उकडलेल्या करंज्या, घेऊन आली. रेल्वेच्या यार्डात तीस वर्षं हातोड्याने वाघिणी ठोकून तपासलेली बाई ती. फुली दिसताच तिने आधी कापणाऱ्याला ज्योत विझवायला लावली.

"ऑर्व्हिल, दर वर्षी तूच तिची कातडी सोलतोस आणि वर तिलाच नावं ठेवतोस होय रे?"

"अगं बर्निसताई, हात लावला तरी भुकटी निघते."

"मग वाजवून बघू."

तिने हातोडा हाणला. खण्ण! जीव एकवटून वाजले मी. मग तिने तळाचा कोपरा ठोकला, आणि तिथे नुसतं ठप्प झालं. ऑर्व्हिलने आत उतरून कुजलेली मेपलची पानं ओंजळीओंजळीने उपसली. खाली बोटभर भोक होतं.

"ओल साठून राहिली की तांबंही हात टेकतं," बर्निस म्हणाली. "रंगाकडे काय बघत बसलास? झाडू घे."

ऑर्व्हिलने बाहीनेच फुली पुसली.

म्हणून सांगते, मित्रांनो, जुन्या वस्तूला चकाकी नाही दिली तरी चालेल, तिचे कोपरे मात्र कोरडे ठेवा. आता दर पानगळीत ऑर्व्हिल झाडू घेऊन माझ्यात उतरतो, आणि जाताना एकदा हातोडा मारतो. मी त्याचीच वाट बघत असते. खण्ण!