बिडीचं बोललो न्हाई

हवालदार नाथाजी दारू पीत नसत. ते रम घेत. हा फरक इस्लामपूरच्या पलीकडच्या त्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होता. दारू पिणारे म्हणजे देशीच्या दुकानामागं लोळणारे. नाथाजी पडले मिल्ट्रीतून पेन्शनवर आलेले, कॅन्टीनमधून हक्काचा कोटा आणणारे. संध्याकाळी अंघोळ करायची, धुतलेला बनियन घालायचा, सोप्यात खुर्ची टाकून बसायचं. बायकोला शिवी नाही, रस्त्यावर तमाशा नाही. एका हातात ग्लास, दुसऱ्या हातात बिडी. सैन्यात सिगारेट होती, गावात बिडी आली, एवढाच काय तो फरक. एक घोट, एक झुरका, मग खोकला, परत घोट. आत भाकरी थापणारी शालूबाई नुसत्या खोकल्यावरून सांगायची, आता जेवायला वाढायचं की अजून थांबायचं.

पुढं पुढं कोटा पुरेना. सकाळी चहाच्या आधीच एक पेग लागायला लागला. दाढी करताना हात हलतो, तो थांबावा म्हणून घेतो, असं नाथाजी म्हणायचे, आणि खरंच घेतला की हात थांबायचा. शालूबाईला ते औषधच वाटायचं. गावालाही तसंच वाटायचं, कारण हवालदारांची दाढी गावात सगळ्यात गुळगुळीत असायची.

मग आवाज बसला, तो बसलाच. एकेकाळी नाथाजींनी बांधावरून हाक मारली तर दोन मळे पलीकडचा माणूस मान वर करायचा. आता शेजारी बसलेल्या शालूबाईलाही कान द्यावा लागे. हळद-दूध झालं, काढा झाला, ज्येष्ठमध झालं. शेवटी ती त्यांना सांगलीला घेऊन गेली. तिथं घशाच्या डॉक्टरांनी, सन्मती मगदूम त्यांचं नाव, नळी घालून बघितलं, तुकडा तपासायला पाठवला आणि रिपोर्ट आल्यावर दोघांना समोर बसवलं.

"कॅन्सर आहे," ते म्हणाले. "पण गाठ लहान आहे. वेळेत आलात. लाईट देऊन, म्हणजे किरणांनी शेकून, बरी होण्यासारखी आहे."

'बरी होण्यासारखी' हे शब्द शालूबाईनं पदराच्या टोकासारखे घट्ट धरून ठेवले.

"दारू आणि बिडी दोन्ही सुटायला पाहिजेत," डॉक्टर पुढं म्हणाले. "एकेकटी वाईट आहेतच. दोन्ही एकत्र आली की धोका कितीतरी पटींनी वाढतो. दारूनं घशाची आतली कातडी नाजूक होते आणि धुरातलं विष तिच्यात मुरतं. आता नीट ऐका. सकाळपासून घेणाऱ्या माणसानं दारू घरच्या घरी एकदम तोडायची नाही. जिवावर बेततं. सोमवारी या, ॲडमिट करून गोळ्यांवर उतरवू. बिडी मात्र आज टाकली तरी चालेल. तलफ आली तर चघळायला गोळी देतो."

आता सांगा, यात न कळण्यासारखं काय होतं? पण कॅन्सर हा शब्द ऐकल्यावर माणसाच्या कानात पुढचं किती शिरतं, ते ज्यानं ऐकलाय त्यालाच विचारावं. शालूबाईच्या कानात 'दोन्ही सुटायला पाहिजेत' एवढंच शिरलं. बाकीचं तिला डॉक्टरी बोलणं वाटलं. डॉक्टर लोक ॲडमिट करा म्हणणारच. आणि सोमवारच्या आधी रविवार येत होता, खंडोबाचा वार.

खंडोबाचं पाल काही लांब नव्हतं. तिनं नाथाजींना पालीला नेलं, देवापुढं उभं केलं आणि त्यांच्या तळहातावर बेलाचं पान आणि चिमूटभर भंडारा ठेवला. "सोडा, काय बी व्हत न्हाई," ती म्हणाली. बेलभंडारा उचलून दिलेला शब्द नाथाजी मोडणार नाहीत, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरुणपणी भावकीशी बांधावरून झालेल्या भांडणात त्यांनी एकदाच तो उचलला होता, आणि त्या बांधाला आजपर्यंत पाय लावला नव्हता.

"आजपास्नं दारूला शिवणार न्हाई," नाथाजी घोगऱ्या आवाजात म्हणाले.

शालूबाई काही कच्ची नव्हती. नवऱ्याला ओळखून होती. "रम म्हना," ती म्हणाली.

नाथाजींनी तिच्याकडं बघितलं. त्याही परिस्थितीत त्यांना हसू आलं. "बरं. दारूला न् रमला."

रमची पळवाट बुजवली, या आनंदात शालूबाई अशी बुडाली की दुसरं भोक तिला दिसलंच नाही. पायऱ्या उतरल्यावर नाथाजींनी कानावरची बिडी काढून पेटवली. तिनं ते बघितलं, पण आज देवानं एवढं दिलंय, उगाच ताणायला नको, म्हणून ती गप्प बसली. राहिलेला भंडारा तिनं पदराला बांधला. घरी येऊन कपाटातल्या बाटल्या उकिरड्यावर रित्या केल्या. सोमवारी सांगलीला गेलीच नाही. जी सुटली, ती सोडवायला ॲडमिट कशाला व्हायचं?

सोमवारी दुपारपासून नाथाजींना घाम फुटायला लागला. चहाची बशी हातात ठरेना. झोप नाही, भूक नाही. मंगळवारी सकाळी ते अंथरुणात उठून बसले आणि सगळं अंग लटलटा कापायला लागलं. शालूबाईनं घाबरून जावेला, भामाबाईला हाक मारली.

भामाबाई आली, उंबऱ्यात थबकली आणि तिनं हात जोडले. "शाले, अगं हे देवाचं वारं हाय. भंडारा उचलला, देव अंगात आला."

शालूबाईच्या पदरातला, पालीहून आणलेला भंडारा तिनं नाथाजींच्या कपाळाला फासला. गल्लीतल्या चार बायका गोळा झाल्या. उदबत्ती लागली. भामाबाईनं पुढं होऊन विचारलं, "देवा, आमच्या भावजींच्या घशाचं काय?"

नाथाजी भिंतीकडं बोट दाखवत होते. "मुंग्या," ते म्हणाले. "सगळ्या भिताडाला मुंग्या. झाडा, झाडा."

"ऐकलंस?" भामाबाई शालूबाईकडं वळली. "मुंग्या म्हंजी रोगच की गं. देव म्हंतोय, झाडून काढतो."

खरं सांगायचं तर त्या घडीला शालूबाईला आनंद झाला. नवऱ्याच्या अंगात देव आला, रोग झाडून काढतो म्हणाला, आणखी काय हवं? तिनं नाथाजींच्या पायावर डोकं ठेवलं. पाय भट्टीसारखे तापले होते.

"कोण हाय?" नाथाजी तिच्यावर खेकसले. "गार्ड कुठं हाय? हिला आत कुणी सोडली?"

देव बायकोला ओळखत नसेल, हेही एकवेळ तिनं मान्य केलं असतं. पण तेवढ्यात नाथाजींचे डोळे पांढरे झाले, दातखीळ बसली आणि ते आडवे होऊन तडफडायला लागले. तोंडातून रक्ताचा फेस आला. बायका मागं सरल्या. भामाबाईच्या हातातलं उदबत्तीचं घर खाली पडलं. "हे देवाचं न्हाई गं," ती पुटपुटली आणि आपल्या मुलाला, विश्वजीतला, गाडी काढायला सांगायला धावली.

सांगलीच्या रस्त्यावर, नवऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन बसलेल्या शालूबाईला डॉक्टरांचा शब्द न् शब्द आठवला. घरच्या घरी एकदम तोडायची नाही. जिवावर बेततं. सगळं लख्ख आठवलं, त्यांच्या टेबलावरचा पाण्याचा ग्लाससुद्धा. वाटेत दारूचं दुकान दिसलं. गाडी थांबवावी आणि यांच्या तोंडात घोटभर घालावी, असं तिच्या मनात आलं. देवाचा शब्द मोडेल, पण माणूस राहील. मग वाटलं, घालून घशात अडकलं तर? दुकान मागं गेलं.

डॉक्टर रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं. ते रागावले नाहीत. नाथाजींना पलंगाला पट्ट्यांनी बांधलं, इंजेक्शनं दिली, सलाईन लावलं. ते बांधलेल्या हातांनी चादरीवरच्या मुंग्या झाडत राहिले. शालूबाई बाकड्यावर बसून बघत राहिली. तिला करण्यासारखं काही नव्हतं, आणि जे तिनं केलं होतं ते समोर पडलं होतं.

काही दिवसांनी नाथाजी शुद्धीवर आले. तिला नावानं हाक मारली, पाणी मागितलं. शालूबाई पदर तोंडावर घेऊन रडली.

"वाचले," डॉक्टर म्हणाले. "दारू अंगातून उतरली. आता ती परत घ्यायची नाही, त्याच्या गोळ्या लिहून दिल्यात. राहिली बिडी. ती एकदम तोडायला काही भीती नाही. चिडचिड होईल, झोप लागणार नाही, पण जिवाला धोका नाही. लाईट पुढच्या आठवड्यात सुरू करू. धूर चालू राहिला तर लाईटचा पाहिजे तसा उपयोग होणार नाही. हे लक्षात ठेवा."

या खेपेला शालूबाईनं सगळं ऐकलं. डॉक्टर गेल्यावर नाथाजी हळूच म्हणाले, "विश्वजीतला सांग. बंडल आन म्हनावं."

"आवं, आत्ता डॉक्टर काय म्हनाले?"

"दारू सोडली. देवाला दिल्याला शबूद पाळला. बिडीचं बोललो न्हाई."

शालूबाईनं पदराची गाठ सोडली. उरलेला भंडारा तिथंच होता. तिनं तो चिमटीत घेऊन त्यांच्यापुढं धरला. "मग आता बोला."

नाथाजींनी हात चादरीखाली ओढून घेतला.

"ह्यात काय बी व्हत न्हाई," ती काकुळतीला आली. "डॉक्टरनीच सांगितलंय."

"तवाबी काय व्हत न्हाई, असं तूच म्हनली व्हतीस."

नाथाजींचा आवाज नरम झाला. "मी उचलला की पाळतोच, शालू. तुला ठावं हाय. म्हनूनच आता भ्या वाटतं."

चघळायची गोळी त्यांनी एकदा तोंडात घातली आणि थुंकून टाकली. ती म्हणाली, नातवंडांसाठी सोडा. म्हणाली, माझ्यासाठी सोडा. ते मान हलवत राहिले, लहान मुलाची समजूत घालावी तसे. दुपारी डिस्चार्ज मिळाला. विश्वजीत गाडी आणायला गेला, तेवढ्यात नाथाजी फाटकाबाहेरच्या कट्ट्यावर बसले. चहाच्या टपरीवरून त्यांनी बंडल न् काडेपेटी घेतलीच होती.

बिडी ओठात धरली. काडी ओढली, पण हात अजून कापत होता. काडी विझली. दुसरी ओढली, तीही विझली. शालूबाई शेजारी मूठ मिटून उभी होती. विझू दे, ती मनात म्हणत होती, सगळी पेटी विझू दे. नाथाजींनी वर बघितलं. तिनं मान फिरवली.

रांगेतला एक रिक्षावाला ते बघत होता. भला माणूस. उठून आला. "थांबा अण्णा," म्हणाला आणि दोन्ही हातांचा आडोसा करून लायटरनं बिडी पेटवून दिली. नाथाजींनी मिल्ट्रीच्या शिस्तीत मान लववली.

शालूबाईनं मूठ उघडली. भंडारा घामानं तळहाताला चिकटला होता. तो कुठंही झटकून टाकता येत नाही, म्हणून निघाला तेवढा तिनं परत पदराला बांधला.